साडूंची बिनतारी बोट

हेवा करायला मला कुणी शिकवलं नाही. काहींचा गळा जन्मतः गोड असतो, काहींचा हात चित्राला वळतो. माझा हेवा तसा उपजत. लहानपणी शेजारच्या मुलाच्या पेन्सिलीचा, मोठेपणी मित्रांच्या मिशांचा, असा मी तो जमेल तसा करत आलो. पण हे सगळं किरकोळ. ज्याच्यासाठी पहाटे उठून रियाज करावा असा भरजरी हेवा मी आयुष्यात एकाच माणसाचा केला, आणि ते म्हणजे माझे साडू.

माझं सासर ठाण्याचं, चेंदणीच्या अंगाला, खाडीपासून पाच मिनिटांवर. सासरे कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो आणि हौशी नाटकांत राजे, सेनापती, क्वचित खलनायक व्हायचो. चार वर्षं मी त्या घरात एकुलता एक जावई होतो. काय दिवस होते ते! रविवारी जेवणं झाली की सासरे सुपारी कातरत म्हणायचे, "हं, जावईबापू, होऊन जाऊ द्या." मग मी पलंगावरची चादर खांद्यावर टाकून दरबार भरवायचो. सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. खिडकीत आळीतली माणसं जमायची.

छप्पन सालच्या सुमारास माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि माझं राज्य गेलं.

धाकटे जावई कल्याणचे. मुंबईत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. बारीक, अबोल, वरच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी सासऱ्यांचा रेडिओ उघडला. तो तीन वर्षं नुसता खरखरत होता. त्यांनी आत डोकावून पाहिलं, एक तार कुठूनशी काढून कुठेशी लावली आणि फुंकर मारली. रेडिओ स्वच्छ बोलायला लागला. आता फुंकर काय, मीही मारू शकलो असतो! पण सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या कुठल्याही राजासाठी ते कधी उठले नव्हते.

पुढच्या रविवारी मी ऐन रणांगणात घायाळ होऊन पडलो होतो, अखेरचं भाषण रंगात आलं होतं, आणि सासऱ्यांनी हात वर केला.

"एक मिनिट, जावईबापू. बातम्या."

मी जमिनीवर तसाच पडून राहिलो. बातम्या संपल्या, मग क्रिकेट लागलं. माझ्या सेनापतीला त्या दिवशी मरायला मिळालंच नाही.

एवढ्यावर थांबले असते तर मी सावरलो असतो. पण त्या गृहस्थांनी वर्षभर खपून एक बोट तयार केली. दीड हात लांबीची, हलक्या लाकडाची, वर पांढरी, खाली लाल. लष्कराच्या मोडीतून आलेला बिनतारी यंत्राचा एक व्हॉल्व्ह त्यांनी कुठूनसा पैदा केला होता. तो, एक मोटर आणि सेल हे सगळं बोटीच्या पोटात, वरचं झाकण मेणाने बंद. काठावर उभं राहायचं, हातात एक लाकडी पेटी, पेटीवर उंच पितळी काठी. पेटीचं बटण दाबलं की लांब पाण्यात बोटीचं सुकाणू उजवीकडे वळायचं, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे. मध्ये दोरी नाही, तार नाही, काही नाही.

"आणि थांबवायची कशी?" सासऱ्यांनी विचारलं.

"काठावरून थांबवायची सोय नाही. सेल संपेपर्यंत चालत राहते."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखी!"

"ऐकू येतंय मला," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कल्याणच्या काळ्या तलावात बोट चार वेळा फिरून आली होती. पण सासऱ्यांचं तेवढ्याने समाधान होईना. तलावात काय, बदकंही फिरतात. त्यांच्या मनाने घेतलं की बोट खाडीत सोडायची. खाडी म्हणजे समुद्राचाच आत आलेला हात, खारं पाणी, भरती-ओहोटी. ठाण्याच्या काठावरून सोडायची आणि पलीकडे कळव्याच्या काठाला लावायची. दिवस ठरवला नारळी पौर्णिमेचा, कारण सुट्टी आणि बंदरावर सगळं ठाणं जमलेलं. कचेरीतल्या दोन जुन्या स्नेह्यांना त्यांनी मुद्दाम आमंत्रण दिलं. माझ्या नाटकाला त्यांनी शेजाऱ्याला कधी आमंत्रण दिलं नव्हतं, ते लोक आपले आपण खिडकीत यायचे.

साडूंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तो व्हॉल्व्ह एकच होता. बोट बुडाली तर गेलं वर्ष बुडालं. सकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तलावात पाणी जागच्या जागी असतं. खाडीचं मला काही कळत नाही. तुम्ही जरा कोळीवाड्यात जाऊन विचारून याल का, कुठल्या वेळी सोडलेली बरी?"

पाहा, म्हणजे माझ्याकडे आलेच की नाही! मी ऐटीत निघालो.

बंदरावर होड्या पावसाळ्यासाठी काठावर ओढून ठेवलेल्या होत्या आणि त्यांना नवा रंग लागत होता. एका होडीच्या सावलीत एक म्हातारे तांडेल जाळं तपासत बसले होते. आयुष्यभर होड्या चालवलेला माणूस. मी विचारलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज पुनव हाय, मास्तर. उधानाचा पानी. बारा वाजता भरंल, घटकाभर उभा ऱ्हाईल. सोरायची तर तवाच सोरा. मंग वढ लागली का तुमची बोट थेट मुंबयला."

"नक्की बाराला?"

"चंद्राला इचारा जाऊन."

मी परत आलो. खरं सांगतो, येताना माझ्या मनात पाप नव्हतं. पण दारात पाऊल टाकलं तर सासरे स्नेह्यांना सांगत होते, "आमचे धाकटे जावई म्हणजे बुद्धीचं काम. थोरले आपले गमतीचे." दोघे स्नेही हसले. मी जोडे काढत होतो. एक जोडा काढला, दुसरा काढेपर्यंत माणूस बदलला.

"काय हो, काय म्हणाला कोळी?" सासऱ्यांनी विचारलं. "आम्ही आपलं ठरवलंय, जेवणं होतील, माझी जरा झोप होईल, चहा घेऊ आणि चार वाजता निघू. चालेल ना चारला?"

गमतीचे थोरले जावई म्हणाले, "चालेल की!"

साडूंनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की कुणाही सभ्य माणसाला ठसका लागला असता. मला लागला नाही. मी नारळीभात दोनदा घेतला. बारा वाजता खाडी तुडुंब भरून, गुळगुळीत, उभी राहिली असेल. आम्ही पानावर होतो. एक वाजता पाणी फिरलं असेल. सासरे घोरत होते. मी एकटा जागा, पंख्याने वारा घेत मनातल्या मनात ओहोटी मोजत होतो.

साडेचारला आमची वरात बंदरावर पोचली. पुढे सासरे काठी टेकत, मागे स्नेही, मग बोट उराशी धरलेले साडू, पेटी सांभाळणारी मेहुणी, आणि शेवटी मी आणि माझी बायको. पाणी चांगलंच उतरलं होतं. काठाला चिखल उघडा पडला होता आणि मधला प्रवाह पाठीला कुणी लागल्यासारखा दक्षिणेकडे पळत होता. दुपारपासून लोकांनी वाहिलेले नारळ आणि हार त्याच्याबरोबर चालले होते.

सकाळचे तांडेल आता जरीची टोपी घालून उभे होते. त्यांनी बोट पाहिली, मग मला पाहिलं.

"आता सोरता?"

मी आकाशाकडे पाहिलं. आकाशात तेव्हा पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आनी नारलाच्या आधी?" एक कोळीण म्हणाली. "आमचा सोन्याचा नारल अजून यायचाय. दर्याला नारल दिल्याबिगर हितं कोन होरी घालत नाय, बाई."

सासूबाई चपापल्या. सासरे म्हणाले, "ही होडी नव्हे हो, यंत्र आहे." आणि यंत्राला सासूबाईंनी हळदकुंकू लावलं.

साडूंनी मोटर चालू केली आणि बोट पाण्यावर ठेवली. ती निघाली. आणि वाचकहो, ती फार सुंदर निघाली. पाण्यात मागे एक रेघ काढत, सरळ कळव्याच्या रोखाने. साडूंनी बटण दाबलं, ती उजवीकडे झुकली. पुन्हा दाबलं, डावीकडे. बंदरावरून "ओ हो हो!" असा एकच आवाज उठला. मी बारा नाटकांत कामं केली होती, इतका आवाज मला एकदाही मिळाला नव्हता. सासरे अनोळखी माणसांना धरून सांगत होते, "आमचे जावई. धाकटे." माझ्या पोटात जे काही पेटलं त्यावर सासूबाईंचा अख्खा स्वयंपाक झाला असता.

मग बोट मधल्या प्रवाहात शिरली. तोंड कळव्याकडेच होतं, पण चालायला लागली मुंबईकडे. साडूंनी बटण दाबलं, सोडलं, दाबलं. बोट बिचारी वळायची, मान वर करायची आणि तशीच बाजूने घसरत जायची. बंदरावरचा आवाज बसला. मग तिच्या पंख्यात एक झेंडूचा हार गुरफटला आणि ती थांबली. थांबली म्हणजे चालायची थांबली, वाहायची नाही. बऱ्याच अंतरावर जाळी बांधायचे खुंट पाण्यातून वर आलेले होते. तिथे नारळांचा आणि हारांचा एक ढीग अडकला होता. त्यात ती जाऊन अडकली आणि आडवी पडून पाण्याचे तडाखे खाऊ लागली. तिथून सुटली की संपलं. पुढे रुंद होत गेलेली खाडी आणि तिच्यापुढे समुद्र.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. चांगला घसघशीत आनंद झाला. तो किती टिकला म्हणाल, तर साडू धुतलेल्या पँटसकट गुडघाभर चिखलात शिरेपर्यंत. बटण दाबत दाबत ते पुढे चालले होते. पोहता त्यांना येत नव्हतं. मेहुणी काठावरून "अहो, नका ना! अहो, मागे या!" म्हणून रडत होती.

माझ्या बायकोने माझ्या दंडाला धरलं. "तुम्ही वेळ विचारून आला होतात ना?"

"हो."

"काय म्हणाला तो माणूस?"

"इथे गर्दी फार आहे नाही?" मी म्हणालो.

ती नुसती पाहत राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिला माझे सगळे अभिनय पाठ होते.

मी तांडेलांपुढे हात जोडले. "होडी काढा हो."

"कशी काढू? नारल नाय दिला दर्याला. आमची मिरवनूक त्या देवलाच्या नाक्याव हाय." त्यांनी हनुवटीने मागे दाखवलं. तिथे बँडबाजा, निशाणं, नाचणारे बाप्ये, नटलेल्या बाया आणि सगळ्यांच्या मध्ये सोनेरी वर्ख लावलेला नारळ. मिरवणूक दोन पावलं पुढे यायची आणि दहा मिनिटं नाचायची.

"कधी पोचेल?"

"पोचंल दिवा लागंपरयंत."

मी पळालो. मिरवणुकीत घुसलो आणि पुढचा नाच हातात घेतला. मास्तर, धोतर, काळी टोपी, आणि नाचतोय! पण मी नुसता नाचत नव्हतो. बँडकडे तोंड करून, हात पसरून, मी उलटा, मागे मागे नाचत होतो, बंदराच्या दिशेने. नाचणाऱ्यांना वाटलं हा काही नवा प्रकार आहे. ते माझ्यावर चालून येत नाचायला लागले. मी दोन पावलं मागे, ते चार पावलं पुढे. "ऐ मास्तर, कंबर हालव!" बाया ओरडत होत्या. मी हलवली. माझ्या वर्गातली मुलं ठाण्यात राहत नव्हती एवढंच काय ते दैव. धोतराचा सोगा सुटला, टोपी पडली, पण मी त्या अख्ख्या मिरवणुकीला नाक्यापासून पाण्यापर्यंत ओढून आणलं. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली भूमिका ती, आणि सासऱ्यांची पाठ माझ्याकडे होती.

नारळ दर्याला दिला गेला. जयजयकार झाला. त्याच क्षणी तांडेलांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी होडी चिखलावरून ढकलली. साडू चढले, मी चढलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

ओहोटीने आम्हाला असं नेलं की वल्ही नावालाच मारावी लागली. तांडेल सुकाणू धरून बसले होते. बोलायचं म्हणून ते साडूंना म्हणाले, "मी यांना सकालीच बोललो व्हतो, बाराला सोरा म्हनून. उभ्या पान्यात गेली असती ना सुरसुरीत."

साडूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रंगभूमीवर मी अनेकदा पकडला गेलो आहे, तिथे पडदा पडतो. होडीला पडदा नसतो. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी पेटी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "काठी भिजू देऊ नका."

खुंटांपाशी पोचलो. साडूंनी ओणवं होऊन बोट उचलली आणि मोटर बंद केली. पंख्यात हाराचा दोरा इतका घट्ट आवळला होता की बोटांनी निघेना. त्यांनी तो दातांनी तोडला. ओठांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि हात झाकणाची कड पुन्हा पुन्हा चाचपत होते. त्या हातांकडे पाहून मला पहिल्यांदा कसंतरी झालं. मेणाचं झाकण शाबूत होतं. आत पाणी गेलं नव्हतं.

मला वाटलं, आता बोट कुशीत घेऊन परत फिरतील. छे! त्यांनी मोटर चालू केली, बोट पुन्हा पाण्यात ठेवली आणि माझ्याकडून पेटी घेतली. होडीच्या आडोशाने, वाकडीतिकडी, दमत दमत, ती कळव्याच्या बाजूच्या तिवरांपाशी चिखलात जाऊन रुतली. ठरल्या जागेच्या कितीतरी खाली. पण लागली. तांडेलांनी टोपी काढून हवेत हलवली. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बटण एकदा तरी माझ्या हातात द्यायचं होतं.

दिवेलागणीला घरी आलो. सासरे स्नेह्यांसमोर बसले होते आणि चेहरा लाल झाला होता. तिकडे तिवरांत काय घडलं ते इकडच्या काठावरून कुणाला दिसलं नव्हतं.

"इंजिन करता येतं आणि पाण्याची वेळ कळत नाही?" ते धाकट्या जावयांवर कडाडले. "चार माणसांत शोभा झाली माझी!"

दोन वर्षं मी ज्या क्षणासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो तो क्षण हा. मी भिंतीला टेकून तो चाखायला लागलो. आणि साडू, चिखलाने माखलेले, बोट मांडीवर घेऊन, शांतपणे म्हणाले, "चूक माझीच. मीच जाऊन चौकशी करायला हवी होती."

एका स्नेह्यांनी घसा साफ केला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पदर! माझा पदर! दुसऱ्याचा अपराध शिरावर घ्यायचा, असले उदात्त प्रवेश त्या घरात फक्त मी करत असे. रेडिओ नेला, बोटीची वाहवा नेली, आणि आता हेही? मला ते सोसेना. मी दोन पावलं पुढे आलो, छातीवर हात ठेवला आणि पोटातून आवाज काढला.

"थांबा! अपराधी हा नव्हे. अपराधी मी आहे!"

आणि सगळं सांगितलं. बारा वाजता उभं राहणारं पाणी, दारातला जोडा, पोटातली आग, मुंबईकडे चाललेली बोट, काही म्हणता काही ठेवलं नाही. मध्ये दोन ठिकाणी आवाज कापला, तो कापवावा लागला नाही, आपोआप कापला. शेवटी साडूंपुढे गुडघे टेकले.

सासरे मग चष्मा काढून पुसायला लागले. "चारचौघांत असं बोलायला छाती लागते," ते स्नेह्यांना म्हणाले. "आजकाल पाहायला मिळत नाही." दुसरे स्नेही म्हणाले, "भाग्यवान आहात." सासूबाईंनी माझ्यापुढे गरम दूध आणून ठेवलं. मग माझ्या खरेपणावरून गोष्ट माझ्या वडिलांच्या खरेपणावर गेली, आणि बोट कळव्याला लागली हे सांगायला साडूंनी तीनदा तोंड उघडलं ते तिन्ही वेळा राहून गेलं.

स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको मेहुणीला म्हणाली, "पाहिलंस? शिक्षा व्हायला हवी होती, तर दूध मिळालं!"

आम्ही चौघं स्टेशनकडे निघालो. बायका पुढे होत्या. साडू माझ्या बाजूने बोट पंच्यात गुंडाळून चालले होते. मला वाटलं, आता चपराक बसणार, आणि बसली तर ती योग्यच होती. गावदेवीच्या मैदानापाशी ते थांबले.

"अहो," ते दात आवळून म्हणाले, "माफ केलं मी तुम्हाला. होडीतच केलं. पण तुम्ही जरा दम धरायला काय झालं होतं? मी एवढी चूक अंगावर घेतली, तिचं कुणी कौतुक करायच्या आतच तुम्ही उठलात!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. नाकपुड्या फुललेल्या, कान लाल, डोळ्यांत निव्वळ जळफळाट. इतका आपला माणूस मला त्या सासरवाडीत आजवर भेटला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. त्यांनी तो झटकला. मी पुन्हा टाकला.